पावसात मागचं चाक सुटतं, त्याची कारणं आणि उपाय

कराडच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. गाडी २०१७ची इनोव्हा क्रिस्टा, २.४ डिझेल मॅन्युअल, टायर १६ इंची. कामासाठी कुंभार्ली घाटातून चिपळूणला नेहमीचं येणं-जाणं. त्यांच्या तीन तक्रारी आहेत. घाट चढताना तीव्र वळणावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं. एकदा उतरताना मागचा भाग बाहेर ओढला गेला. आणि हायवेला साचलेल्या पाण्यातून जाताना स्टिअरिंग एकदम हलकं झालं. मागचे दोन टायर गाडीबरोबर आलेलेच आहेत, पुढचे दोन गेल्या वर्षी नवीन टाकले, "स्टिअरिंग पुढच्या चाकांवर असतं म्हणून". टायरवाल्याने तीन उपाय सुचवले: रुंद टायर बसवा, हवा २६ पीएसआयवर आणा, डिकीत वाळूची दोन पोती टाका. हवेचा उपाय करून पाहिला, आणि स्टिअरिंग हलकं झालं ते नेमकं त्यानंतर.

तिन्ही उपाय नकोत. तुमच्या गाडीचा खरा प्रश्न टायरच्या रुंदीचा नाही आणि रिअर-व्हील ड्राइव्हचाही नाही. जुने, कडक झालेले टायर मागे आहेत आणि चांगले पुढे, म्हणजे जोडी उलटी लागली आहे. मात्र तुमच्या तीन तक्रारी हे तीन वेगळे आजार आहेत. एकच औषध तिन्हींना लागू पडणार नाही, म्हणून एकेक घेतो.

आधी मागच्या चाकावर नक्की काय येतं ते बघू. टायरची पकड म्हणजे ठरावीक पगार. गाडी ढकलण्यात जास्त खर्च केला की वळणात धरून ठेवायला कमी उरतो. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीत पुढची चाकं ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा मोठा भारही घेतात. त्यामुळे पकड संपली की नाक सरळ जातं, आणि बहुतेक लोक आपोआप पाय उचलतात. तुमच्या गाडीत ढकलायचं काम मागच्या चाकांचं. इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३४३ न्यूटन मीटर, तोही १४००-१५०० आरपीएमपासून मिळतो. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत जोर वाटणारा दातेरी गोळा) मिळून तो दहा पटींहून जास्त वाढतो. कोरड्या रस्त्यावर हे जाणवत नाही. ओल्या रस्त्यावर पकड पुष्कळ कमी होते, त्यातून गाडीत फक्त ड्रायव्हर असेल तर सात सीटच्या गाडीचा मागचा एक्सल हलका असतो, आणि मग पाय जरा जास्त पडला तरी चाक फिरतं.

त्यात तुमच्या गाडीचं डिफरन्शियल साधं, म्हणजे ओपन. चढाच्या यू वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, आतलं मागचं चाक हलकं होतं आणि तेच आधी सुटतं. ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. त्यामुळे आतलं चाक जेवढं धरेल तेवढंच बाहेरच्याला मिळतं, बाहेरच्या चाकाखाली चांगला रस्ता असला तरी. म्हणूनच चाक फिरताना गाडी पुढे सरकत नाही, नुसता आवाज येतो. ज्या गाड्यांत मेकॅनिकल लॉकिंग, म्हणजे गरजेला दोन्ही चाकं एकत्र जखडणारं, डिफरन्शियल मिळतं (थारच्या काही मॉडेलांत, बोलेरो निओच्या वरच्या व्हेरियंटमध्ये) त्यांना हा त्रास कमी. क्रिस्टात ते बाहेरून बसवून घेण्याच्या भानगडीत पडू नका. तेवढ्या पैशात टायरचे दोन संच येतील.

आता टायर. मागच्या टायरच्या साइडवॉलवर डीओटी लिहिलेल्या ओळीचे शेवटचे चार आकडे वाचा. ते कधीकधी फक्त एकाच बाजूला असतात, त्यामुळे गाडीखाली वाकून आतून बघावं लागेल. १४१७ असेल तर २०१७चा चौदावा आठवडा. एवढ्या जुन्या टायरमध्ये नक्षी कितीही शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असतं. अंगठ्याचं नख नक्षीच्या ठोकळ्यात दाबून बघा आणि मग तसंच पुढच्या टायरवर करा. पुढच्यात नख रुतेल आणि खूण हळूहळू भरून येईल, मागच्यात नख घसरेल. खाचेच्या तळाशी बारीक भेगा दिसतात का तेही बघा, टॉर्च मारून. ओल्या डांबरावर पकड मिळते ती रबर खडीच्या बारीक टोकांभोवती दबून बसतं म्हणून. कडक रबर तसं दबत नाही, वरून घसरतं. "नक्षी अजून भरपूर आहे" हे वाक्य म्हणून फसवं आहे.

नक्षी मोजायची तर डेप्थ गेज घ्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. प्रत्येक टायरवर आतली कड, मधली खाच, बाहेरची कड असं मोजा, आणि टायर फिरवून तीन जागी. नवीन टायरला साधारण ७ ते ८ मिमी असते. खाचेतली टीडब्ल्यूआयची, म्हणजे झीज दाखवणारी, उंचवटी १.६ मिमीवर असते, ती आली की टायर संपला. पण पावसासाठी मी ३ मिमीलाच टायर संपला असं धरतो, आणि घाटात रोजचं जाणं असेल तर ४ मिमीपासून नवीन टायरच्या किमती विचारायला लागतो. ८० किमीच्या वेगाला, रस्त्यावर ३ मिमी पाणी असेल तर एका टायरला दर सेकंदाला दहा लिटरच्या आसपास पाणी बाजूला सारावं लागतं. ते सगळं खाचांतून जातं. खाच अर्धी झाली की वाट अर्धी झाली.

एक गोष्ट कुठेही करू देऊ नका: गुळगुळीत टायरवर गरम पात्याने नव्या खाचा कापून देणारे असतात. कारच्या टायरमध्ये खाचेखाली त्यासाठी रबरच ठेवलेलं नसतं. पातं पट्ट्याच्या तारांपर्यंत जातं, पाणी आत शिरतं, तार गंजते आणि टायर वेगात असताना सुटतो.

म्हणून पहिलं काम असं: दोन नवीन टायर घ्या आणि ते मागे टाका. पुढचे वर्षभर वापरलेले पुढेच राहू देत. शक्य असेल तर पुढे आहे तेच मॉडेल घ्या. ते मिळत नसेल तर निदान एका एक्सलवर दोन्ही टायर एकाच मॉडेलचे आणि एकाच वयाचे हवेत. नवीन टायर मागे, हा नियम गाडी कुठल्या चाकांवर चालते यावर अवलंबून नाही. पुढची पकड आधी संपली तर गाडी सरळ जाते, तुम्हाला स्टिअरिंगमधून ते कळतं आणि पाय उचलला की बहुधा सुधारतं. मागची आधी संपली तर गाडी फिरते, आणि ती आवरायला जो वेळ लागतो तो घाटात नसतो. नवीन टायर यायला चार-आठ दिवस लागणार असतील तर तोवर पुढची जोडी मागे घ्या. फक्त तेव्हा जुने टायर पुढे येतात, म्हणजे ब्रेक लागायला अंतर जास्त लागेल आणि साचलेल्या पाण्यात पुढचं आधी तरंगेल. तेवढे दिवस वेग कमी ठेवा, जमलं तर घाटच टाळा.

कुठला टायर, हे थोडं तुमच्या वापरावर आहे. कराड ते चिपळूण सगळा डांबरी रस्ता असेल तर साधा हायवे नक्षीचा टायर घ्या. मोठ्या ठोकळ्यांचे ऑल-टेरेन टायर दिसायला दणकट असतात, चिखलात चांगले, पण ओल्या डांबरावर ब्रेक मारताना बहुतेक वेळा मागे पडतात. साइडवॉलवर यूटीक्यूजीचे (टायरच्या दर्जाची अमेरिकन श्रेणी) आकडे असतील तर ट्रॅक्शन ए किंवा एए बघा. ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा, आकडा फार मोठा असेल तर टायर टिकेल जास्त, पण बरेचदा पकड देऊन टिकेल. ट्रॅक्शनची ती श्रेणी सरळ रेषेतल्या ओल्या ब्रेकिंगची असते, वळणातली नाही, हेही लक्षात ठेवा. ज्या टायरला युरोपियन लेबल आहे त्याची वेट ग्रिप श्रेणी ए ते ई अशी छापलेली मिळते. ती बघून घेणं सगळ्यात सोपं. भारतात टायरला जे स्टार देतात ते मुख्यतः इंधन वाचवण्याबद्दल आहेत. पाच स्टार बघून पावसाचा टायर निवडू नका.

रुंद टायरचं म्हणाल तर तुमचा मूळ साइज २०५/६५ आर १६ आहे. रुंद टायरची रस्त्याला टेकणारी पट्टी आडवी पसरते, लांबीला कमी होते, आणि त्याला समोरून जास्त पाणी ढकलावं लागतं. कोरड्या रस्त्यावर फायदा होईलही, पण साचलेल्या पाण्यात तोटाच. २१५/६५ आर १६ टाकला तर बाहेरचा व्यास सुमारे २ टक्के वाढतो, स्पीडोमीटर तेवढा मागे दाखवतो आणि गिअर तेवढे लांब होतात. बसतो म्हणून लोक टाकतात. पावसासाठी त्याचा काही उपयोग नाही. मूळ साइजच ठेवा. लोड इंडेक्स ९५च्या खाली जाऊ नका, ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो. कुटुंब आणि सामान भरून गाडी घाटात जाणार असेल तर यात काटकसर नको.

हवेचं आता. हवा कमी केली की पकड वाढते, हे वाळूत आणि चिखलात खरं आहे. ओल्या डांबरावर उलटं होतं. टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा मिटतात, आणि पाण्याला दाबून बाहेर काढायचा जोर कमी होतो. नासात विमानांच्या टायरवर झालेल्या कामातून आलेला जुना हिशोब आहे: हवेच्या पीएसआयचं वर्गमूळ काढून १६.७ने गुणलं की साधारण ज्या वेगाला टायर साचलेल्या पाण्यावर तरंगतो तो ताशी किमीत मिळतो. ३३ला सुमारे ९६ येतात. २६ला ८५. कारच्या टायरला हा आकडा तंतोतंत लागू होत नाही, नक्षी आणि पाण्याची खोली यांवर बरंच अवलंबून असतं, आणि गुळगुळीत टायर त्याच्या आधीच तरंगतो. पण दिशा कळते. तुमचं स्टिअरिंग हलकं झालं त्यात हवेचा हात होता, हे मी जवळपास खात्रीने म्हणेन.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो. त्यावरचा आकडा तुमचा, रिकाम्या गाडीचा वेगळा आणि भरलेल्याचा वेगळा दिला असेल तर त्याप्रमाणे. मोजायचा तो गाडी निदान तीन तास उभी असताना, सकाळी. मे महिन्यात ३८ अंशांत ३३ भरलेली हवा जुलैत २४ अंशांच्या सकाळी ३१च्या आसपास दाखवते, काहीही गळती नसताना. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडाला एकदा आणि मग पंधरा दिवसांनी हवा बघणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे. पंपावरचं गेज आणि स्वतःचं गेज यात दोन-तीन पीएसआयचा फरक सहज निघतो, म्हणून स्वतःचं ठेवा. स्टिकरपेक्षा एक-दोन पीएसआय जास्त चालेल. पाच जास्त भरलेत तर पट्टी मधेच टेकते आणि घाटातल्या खडबडीत भागात चाक उड्या मारतं. नायट्रोजनने पकडीत फरक पडत नाही. आणि वॉशिंग सेंटरला टायर काळाभोर करायचं पॉलिश साइडवॉलपुरतंच लावायला सांगा, नक्षीवर त्याचा थर बसला तर पहिल्या पावसात गाडी साबणावर चालल्यासारखी होते.

वाळूच्या पोत्यांमागे थोडं तथ्य आहे. रिकामा पिकअप पावसात मागून हलका असतो आणि एक्सलच्या वर नीट बांधलेलं वजन त्याला मदत करतं. पण क्रिस्टाची डिकी मागच्या एक्सलच्या मागे येते. तिथे शंभर किलो टाकले की पुढची चाकं थोडी उचलली जातात, म्हणजे तुमचं स्टिअरिंग आणखी हलकं. आणि मागचा भाग एकदा बाहेर निघाला की ते वजन त्याला आणखी बाहेर खेचतं. सुटी पोती जोरात ब्रेक लागल्यावर सीटवर येऊन आदळतात, ते वेगळंच. सामान न्यायचंच असेल तर ते दुसऱ्या रांगेच्या मागे, खाली, एक्सलच्या पुढे ठेवा आणि बांधा. कॅरिअरवर जड सामान घेऊन पावसात घाट चढू नका.

टायर झाल्यावर सस्पेंशनकडे बघा. क्रिस्टाचा मागचा एक्सल सलग आहे, चार लिंक आणि कॉइल स्प्रिंगवर. म्हणजे मागचं अलाइनमेंट करता येत नाही, पण मशीनवर ते दिसतं. पुढचं टो (चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) करून घेताना मागचेही आकडे छापून मागा. मागचा एक्सल तिरका दिसत असेल तर लिंकचे किंवा लॅटरल रॉडचे (एक्सल आडवा धरून ठेवणारी दांडी) रबरी बुश गेलेत. ओल्या वळणावर रेस देताच असा एक्सल किंचित फिरतो आणि गाडी मागून स्वतःच वळायला बघते. शॉकपवर तेलाचा ओला डाग, किंवा मागचा कोपरा जोरात दाबून सोडल्यावर गाडी एकापेक्षा जास्त वेळा हलणं, हे शॉकप गेल्याचं लक्षण. टायरच्या पृष्ठावरून तळवा आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो चुकलेलं आहे. गोल फिरवताना चढ-उतार लागले तर शॉकप किंवा बॅलन्सिंग.

टायर रोटेशन रिअर-व्हील गाडीला असं असतं: मागचे सरळ पुढे, त्याच बाजूला, आणि पुढचे उलट बाजूने मागे. दर ८ ते १० हजार किमीला. बाण असलेली, म्हणजे एकाच दिशेची नक्षी असेल तर बाजू बदलायची नाही. पण दोन जोड्यांत दोन मिमीपेक्षा जास्त फरक पडला असेल तर रोटेशन विसरा आणि चांगली जोडी मागे ठेवा. नवीन टायरवर साच्यातून निघाल्याचा निसरडा थर असतो, पहिले दोन-तीनशे किमी, विशेषतः ओल्यात, जपून चालवा.

आता चालवणं. टायर कितीही चांगला असला तरी घाटातली काही ठिकाणं पकड देतच नाहीत. जूनच्या पहिल्या दोन-तीन सरींत डांबरावरचं तेल आणि रबराची धूळ वर येते. चांगला मुसळधार पाऊस झाला की ते धुऊन जातं, नुसत्या रिमझिमीत नाही. झाडीतल्या वळणांवर ऊन पोहोचत नाही तिथे कडेने शेवाळ धरतं. ओढ्याने आणलेली लाल माती वळणाच्या आतल्या बाजूला पसरते, म्हणजे नेमकं तुमचं हलकं चाक जिथे येतं तिथे. आणि टाकी काठोकाठ भरलेले ट्रक चढाच्या वळणावर झाकणातून डिझेल सांडतात. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला तर त्यावर ना रेस, ना ब्रेक.

चढाच्या यू वळणावर वळणाआधीच गिअर ठरवा. वेग थोडा शिल्लक ठेवून दुसऱ्यात जाता येत असेल तर दुसऱ्यातच जा, पहिल्यात टॉर्क फार येतो. पूर्ण थांबावं लागलं तर पहिला लागेलच, तेव्हा क्लच हळू सोडा आणि रेस स्टिअरिंग सरळ होत जाईल तशी वाढवा. डॅशबोर्डवर इको आणि पॉवरची बटणं असतील तर पावसात इको लावा, पायाची प्रतिक्रिया मऊ होते. चाक फिरायला लागलं की रेस वाढवून काही मिळत नाही, कमी करा. अगदी सरपटत्या वेगात चाक फिरत असेल तर हँडब्रेक एक-दोन खाच ओढून हळू रेस दिली की ओपन डिफरन्शियलमधून दुसऱ्या चाकाला थोडा टॉर्क जातो. ही युक्ती चढावर अडकलेल्या गाडीपुरती. चालत्या गाडीत हँडब्रेकला हात लावायचा नाही.

उतारावरचा प्रकार बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि तुमचा मागचा भाग बाहेर गेला त्याचं मला हेच कारण सगळ्यात जास्त शक्य वाटतं. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा, हा सल्ला बरोबर आहे. पण रिअर-व्हील गाडीत इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांवर लागतो. वळणात शिरल्यावर तिसऱ्यातून दुसरा टाकून क्लच झटक्यात सोडला, तर मागची चाकं क्षणभर जवळपास लॉक होतात. एबीएस ब्रेकमुळे लॉक होणारं चाक सोडवतं, इंजिनमुळे अडलेलं नाही. गिअर सरळ रस्त्यावर, वळणाआधी पाडा, किंचित रेस देऊन आरपीएम वर आणा आणि क्लच हळू सोडा. ब्रेकही वळणाआधी.

मागचा भाग निघालाच तर नजर जिथे जायचंय तिथे, स्टिअरिंग त्याच दिशेला, क्लच दाबा, ब्रेकवर उडी मारू नका. गाडी सरळ झाल्यावर, किंवा रस्ता संपत असेल तर, पूर्ण ब्रेक आणि एबीएसला काम करू द्या. व्हीएससी (घसरती गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) असेल तर चालू ठेवा. क्रिस्टाच्या सुरुवातीच्या वर्षांत ते सगळ्या व्हेरियंटमध्ये नव्हतं, तुमच्यात आहे का ते बटणावरून कळेल. चिखलात रुतलात तरच बंद करा.

नवीन टायर, बरोबर हवा आणि हळू क्लच असूनही उतारावर ब्रेक लावताना गाडी मागून एकाच बाजूला ओढली जात असेल, तर मागचे ड्रम उघडायला सांगा. एका बाजूचा सिलिंडर गळत असेल किंवा ड्रममध्ये माती-पाणी साचलं असेल तर ते एक चाक आधी धरतं किंवा धरतच नाही, आणि कोरड्या रस्त्यावर ते कधी कळत नाही.